निकेलच्या भुकटीची किमया

पातळ तेलाचे घट्ट वनस्पती तूप होते ते निकेल या साध्या धातूच्या बारीक भुकटीमुळे. या भुकटीचे सामर्थ्य जगाला दाखवून देणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ म्हणजे पॉल साबातिए.

दक्षिण फ्रान्समधील कार्कासोन येथे ५ नोव्हेंबर १८५४ रोजी साबातिए यांचा जन्म झाला. पॅरिसमध्ये बेर्थलो या ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधन करून १८८० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १८८२ मध्ये ते तुलूझला आले आणि दोन वर्षांत तेथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. राजधानीपासून दूर राहणाऱ्या शास्त्रज्ञाकडे त्या काळी सहसा कोणाचे लक्ष जात नसे. तरीही १९०७ मध्ये सोर्बोन विद्यापीठातून आलेले निमंत्रण नाकारून ते तुलूझमध्येच राहिले.

१८९७ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी, धर्मोपदेशक असलेले सांदरेंस यांनी तापवलेल्या निकेलवरून इथिलीन वायू सोडला. निकेल आणि इथिलीन यांचे नवे संयुग मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. हाती आले ते काजळी आणि इथेन. निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन इथिलीनला जोडला गेला होता. पुढे १९०१ मध्ये बेंझिनचे सायक्लोहेक्झेन आणि १९०२ मध्ये कार्बन डायऑक्साइडचे मिथेन करण्यात त्यांना यश आले. महागड्या प्लॅटिनमची जागा स्वस्त निकेल घेऊ शकते, हे सिद्ध झाले.

मात्र कोणतेही निकेल या कामी चालत नव्हते. निकेल ऑक्साइडपासून धातू तयार करताना उष्णता जास्त झाली, तर भुकटीचे कण जाड होऊन ती निष्प्रभ होई. गंधकाचा अल्पसा अंशही तिला मारक ठरे. धातू कोणता यापेक्षा तो कसा तयार केला, याला अधिक महत्त्व होते.

उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेतो, अल्पकाळ टिकणारे संयुग बनवतो आणि पुन्हा मोकळा होतो, असे साबातिए यांचे प्रतिपादन होते. वायू केवळ धातूच्या छिद्रांत दाबला जातो, असे मानणाऱ्यांना ते पटले नाही. परंतु हाच विचार पुढे साबातिए तत्त्व म्हणून रूढ झाला. धातूची पकड सैल असेल, तर अभिक्रिया होत नाही; ती फार घट्ट असेल, तर तयार झालेला पदार्थ सुटत नाही. आज अॅल्युमिना किंवा सिलिकाच्या आधारावर काही नॅनोमीटर आकाराचे धातुकण बसवताना, त्यात दुसऱ्या धातूचे प्रमाण ठरवताना शास्त्रज्ञ हीच पकड नेमकी साधू पाहतात.

जर्मनीच्या नॉर्मान यांनी १९०२ मध्ये ही पद्धत द्रवरूप तेलांना लागू केली. १९३२ मध्ये मुंबईत शिवडी येथे वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू झाले. अर्धवट हायड्रोजनीकरणातून निर्माण होणाऱ्या ट्रान्स फॅटचे दुष्परिणाम पुढे उघड झाले आणि २०२२ पासून भारतात त्यांच्यावर २ टक्क्यांची मर्यादा आली.

१९१२ चे नोबेल पारितोषिक साबातिए आणि ग्रिन्यार यांना विभागून मिळाले. १९०५ मध्ये फ्रेंच अकादमीच्या झेकेर पुरस्कारात साबातिए यांचे वाटेकरी असलेले सांदरेंस मात्र या वेळी वगळले गेले. १९१३ मध्ये अकादमीने पॅरिसबाहेरील शास्त्रज्ञांसाठी नव्या जागा निर्माण केल्या. त्यावर प्रथम निवडून आले ते साबातिएच. १४ ऑगस्ट १९४१ रोजी तुलूझमध्येच त्यांचे निधन झाले. निकेलची त्यांची भुकटी मात्र आजही जगभरच्या कारखान्यांत काम करते आहे.