मशीनला कोड लिहायला लावणारी ग्रेस

लास्ट इयरचा प्रोजेक्ट म्हटलं की लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम ठरलेलीच! आता तर टूलला टेबलं आणि कॉलम सांगितले की एंट्रीचा फॉर्म, रिपोर्ट, मागचा कोड, सगळं मिनिटभरात हजर. मग कट्ट्यावर एकच टेन्शन. कोड मशीनच लिहिणार असेल, तर आपण शिकतोय कशाला? दोस्तांनो, हे टेन्शन ७० वर्षं जुनं आहे. तेव्हाच्या प्रोग्रामर्सना ते देणाऱ्यांत आघाडीवर होती ग्रेस हॉपर.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ कसं चालतं हे बघायला तिने घरातली सात घड्याळं खोलून ठेवली. शेवटी आईने सांगितलं, खोल, पण एकच! पुढे लॅटिनमध्ये कमी मार्क पडले आणि व्हासार कॉलेजने तिला प्रवेश नाकारला. ती वर्षभराने तिथेच गेली आणि १९३४मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी झाली. केटी लागलेल्यांनी हे लक्षात ठेवा.

महायुद्ध सुरू झाल्यावर तिला नौदलात जायचं होतं. वय जास्त आणि वजन कमी, तरी तिने खास परवानगी मिळवली. १९४४मध्ये तिची नेमणूक झाली हार्वर्डच्या मार्क वन संगणकावर. हे धूड ५० फुटांहून लांब होतं.

तेव्हा प्रोग्रामर एकमेकांच्या वह्यांतून कोडचे तयार तुकडे हाताने उतरवून घ्यायचे. प्रत्येक वेळी त्यातले पत्ते नव्याने मांडायचे. उतरवताना चूक ठरलेली. ग्रेसने विचार केला, हे हमालीचं काम मशीनलाच का देऊ नये? १९५२मध्ये तिचा ए-झिरो चालू लागला. टेपवरच्या प्रत्येक तुकड्याला एक नंबर होता. तुम्ही नंबर द्यायचे, बाकीची जुळवाजुळव संगणक करायचा. लोकांना ते पटेना. मशीन फक्त आकडेमोड करतं, असाच समज होता.

ती तिथेच थांबली नाही. पगार, बिलं, स्टॉक सांभाळणाऱ्यांना गणिती चिन्हं नकोशी वाटतात, मग साध्या इंग्रजी शब्दांत प्रोग्राम का नको? संगणकाला इंग्रजी कळत नाही, असं उत्तर मिळालं. तिने तेच शब्द फ्रेंच आणि जर्मनमध्ये बदलून दाखवले, तर साहेब लोक आणखीच बिथरले! पण त्यातून फ्लो-मॅटिक उभं राहिलं. त्यात माहितीचं वर्णन वेगळं आणि तिच्यावरची कामं वेगळी लिहायची सोय होती. पुढे एका समितीने बनवलेल्या, १९६०मध्ये आलेल्या कोबोलवर त्याचा मोठा प्रभाव पडला.

मग प्रोग्रामर बेकार झाले का? उलट, प्रोग्राम लिहिणारे वाढले. पण एक गोष्ट मशीनने कधीच ठरवली नाही, ती म्हणजे काय साठवायचं. जागा वाचवायला माणसांनी वर्षाचे दोनच आकडे साठवायचं ठरवलं, मशीनने ते निमूट पाळलं. २००० साल जवळ आलं तेव्हा ते निस्तरायला जगभर धावपळ झाली. भारतीय आयटी कंपन्यांना त्यातून भरपूर काम मिळालं.

ग्रेस १९८६मध्ये, ७९व्या वर्षी रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाली. भाषणाला जाताना ती जवळपास ३० सेंटिमीटर वायरचे तुकडे घेऊन जायची. एका नॅनोसेकंदात प्रकाश किती लांब जातो, ते दाखवायला! १ जानेवारी १९९२ला ती गेली.

मी मास कॉमवाली, कोडिंगमध्ये ढ. पण एवढं कळलं. टूल बिनधास्त वापरा. फक्त वायव्हाच्या आधी स्वतःला विचारा, पुस्तक हरवलं तर तुमच्या टेबलात ते लिहायचं कुठे? ते टूलने ठरवायचं की तुम्ही?