२६ व्या वर्षी निनावी पुस्तक लिहिलं आणि थेट फाशीच्या शिक्षेलाच आव्हान दिलं

१६३० साली मिलानमध्ये प्लेगची साथ पसरली होती. काही लोक भिंतींना विष फासून रोग पसरवतायत, अशी अफवा उठली. त्यात मोरा नावाच्या एका न्हाव्याला पकडलं. छळ सोसवेना म्हणून त्याने न केलेला गुन्हा कबूल केला. त्याला ठार मारलं, घर पाडलं आणि त्या जागी एक खांब उभारला. लोकांना जरब बसावी म्हणून.

तो खांब उभा असतानाच, १७३८ साली, याच शहरात चेझारे बेक्कारियाचा जन्म झाला.

घराणं सरदारांचं. पोराने पावियात कायद्याची पदवी घेतली. १७६१ मध्ये वडिलांचा विरोध झुगारून तेरेसा ब्लास्कोशी लग्न केलं. घरात भांडण पेटलं. पुढे मित्र पिएत्रो वेर्रीच्या मध्यस्थीने ते मिटलं.

वेर्री बंधूंच्या घरी तरुणांचा अड्डा जमायचा. त्याचं नाव ‘मुठींची अकादमी’. धाकटा भाऊ अलेस्सांद्रो कैद्यांची दाद बघायच्या कामावर होता, त्यामुळे तुरुंगातल्या कहाण्या अड्ड्यावर यायच्या. मित्रांनी मागे लागून लाजाळू, आळशी बेक्कारियाला लिहितं केलं.

१७६४ साली ‘गुन्हे आणि शिक्षा यांविषयी’ हे छोटंसं पुस्तक लिव्होर्नोत छापून आलं. वरती लेखकाचं नाव नव्हतं. कारण साधं होतं, भीती.

पण आत काय होतं?

एक, गुन्हा कोणता आणि शिक्षा किती हे कायद्यानेच ठरवायचं, न्यायाधीशाच्या मर्जीने नाही.

दोन, छळ करून सत्य बाहेर येत नाही. दणकट गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निरपराध अडकतो.

तीन, सरदार असो वा सामान्य, शिक्षा सारखीच.

चार, जरब शिक्षेच्या क्रूरपणामुळे नाही, तर ती नक्की होणार या खात्रीमुळे बसते. म्हणून फाशी नको.

अर्थात फाशीऐवजी त्याने सुचवलेली जन्मभराची गुलामीही आज कुणाला पटणार नाही.

१७६६ मध्ये चर्चने पुस्तकावर बंदी घातली. त्याच वर्षी व्होल्तेरने त्यावर भाष्य लिहिलं. पॅरिसने बेक्कारियाला सन्मानाने बोलावलं, पण गडी तिथे रमला नाही. घरच्या ओढीने लवकरच परतला आणि त्यावरून वेर्रींशी दोस्ती तुटली. रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनचंही बोलावणं आलं होतं, तिकडे तो गेलाच नाही. मिलानमध्येच अर्थशास्त्र शिकवलं, पुढे सरकारी नोकरी केली.

१७७८ साली तो खांब पाडला गेला. १७८६ साली टस्कनीच्या राजाने फाशी आणि छळ दोन्ही रद्द केले. हे दोन्ही बदल बेक्कारियाच्या हयातीत झाले. १७९४ मध्ये तो वारला. त्याचा नातू म्हणजे इटलीचा थोर कादंबरीकार अलेस्सांद्रो मान्झोनी. त्याने पुढे मोराच्या खटल्यावर पुस्तक लिहिलं.

आज इटलीत फौजदारी कायद्याची मूलतत्त्वं शिकताना हेच मुद्दे समोर येतात. १९४८ पासून लागू असलेल्या संविधानाचं कलम २५ सांगतं, कृत्याच्या आधी कायदा नसेल तर शिक्षा नाही. कलम २७ सांगतं, अंतिम निकालापर्यंत आरोपी दोषी नाही, शिक्षा अमानुष नसावी आणि तिचा रोख माणूस सुधारण्याकडे असावा. याच कलमात फाशीला मनाई आहे. युद्धकाळातल्या लष्करी कायद्यांपुरता एक अपवाद शिल्लक होता.

तोही २००७ साली काढून टाकला.