काशीबाई कानिटकर : शाळेत न जाता लेखिका झालेली बाई



३ जानेवारीला आमच्या सावनेरच्या शाळेत सावित्रीबाईंची जयंती झाली. भाषणं आटोपल्यावर आठवीतल्या एका पोराने मला विचारलं की सावित्रीबाईंनी शाळा काढली, मग त्यानंतर सगळ्या मुली शिकायलाच लागल्या असतील ना? प्रश्न साधा होता, पण उत्तर एका वाक्यात देता येईना. म्हणून दुसऱ्या दिवशी मी वर्गात काशीबाई कानिटकरांची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितो आहे.

जन्म आणि लग्न

काशीबाईंचा जन्म २० जानेवारी १८६१ रोजी आष्टा येथे झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. पुण्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती १८४८ साली, म्हणजे काशीबाईंच्या जन्माआधी १३ वर्षं. घर खातंपितं, वरच्या जातीचं. तरी काशीबाई शाळेत गेल्या नाहीत. पैशाची अडचण नव्हती, अडचण होती ती समजुतीची. बाईच्या हाती पुस्तक आलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, घर बिघडतं, असं त्या काळी शहाणीसुरती माणसंसुद्धा मानत. मुलीने स्वयंपाक, सोवळंओवळं, व्रतवैकल्यं शिकावी आणि सासरी जावं, इतकंच.

वयाच्या नवव्या वर्षी त्यांचं लग्न गोविंद वासुदेव कानिटकरांशी झालं. आज आपल्याकडे नऊ वर्षांची मुलगी तिसरी-चौथीत असते. एवढं सांगितलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला.

शिक्षण

गोविंदराव इंग्रजी शिकलेले, कविता करणारे, पुढे न्यायखात्यात नोकरीला लागलेले. त्यांना बायको शिकलेली हवी होती. पण एकत्र कुटुंबात नवऱ्याची इच्छा पुरत नसे. घरातल्या मोठ्यांना सुनेचं वाचन खपत नसे. घरकामातून उरलेल्या वेळात, टोमणे ऐकत, काशीबाई अक्षरं शिकल्या. मराठी आली, मग संस्कृत, मग इंग्रजी. बहुतेक सगळं स्वतःच्या मेहनतीवर.

इथे मुलांना मी एक गोष्ट मुद्दाम सांगितली. गोविंदराव चांगले होते, सुधारक होते. स्त्रियांच्या गुलामीवर मिल नावाच्या इंग्रज विचारवंताने लिहिलेलं पुस्तक त्यांनी मराठीत आणलं. तरीसुद्धा काशीबाईंचं शिक्षण सुरू झालं ते नवऱ्याला हवं होतं म्हणून. नवरा तसा नसता तर? त्या काळच्या लाखो बायकांचं उत्तर आपल्याला माहीतच नाही, कारण त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही.

लेखन

डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर होऊन परत आल्या आणि १८८७ मध्ये, वयाची २२ वर्षंही पुरी व्हायच्या आत वारल्या. काशीबाईंनी त्यांचं चरित्र लिहिलं. एका मराठी बाईने दुसऱ्या बाईचं आयुष्य पुस्तकात मांडणं ही तेव्हा नवलाचीच गोष्ट होती.

त्यांची 'रंगराव' ही कादंबरी आधी मासिकातून क्रमशः आली आणि १९०३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. पुढे 'चांदण्यातील गप्पा' हा कथासंग्रह आणि १९२८ मध्ये 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी आली. 'पालखीचा गोंडा' मुलांना फार आवडली. त्यात एका मुलीचं लग्न संस्थानाच्या राजाशी होतं, पण राजा कारभार करण्याइतका शहाणा नसतो. मग ती स्वतः सूत्रं हाती घेते आणि बायकांना शिकवून कामावर लावते. ज्या बाईला लहानपणी पाटी मिळाली नाही, तिने कागदावर अख्खं राज्य बायकांच्या हाती दिलं!

'पण लक्षांत कोण घेतो' लिहिणारे हरिभाऊ आपटे हे काशीबाईंचे स्नेही होते, दोघांचा पत्रव्यवहारही होता. हरिभाऊंनी यमूची कहाणी तिच्याच तोंडून सांगितली आणि विधवेचे हाल वाचकांपुढे ठेवले. ती कादंबरी थोरच आहे. पण पुरुषाने बाईची बाजू घेऊन लिहिणं आणि बाईने स्वतः लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. नायजेरियातल्या इग्बो समाजावर चिनुआ अचेबे यांनी १९५८ मध्ये गाजलेली कादंबरी लिहिली. त्यात गाव, देव, शेती सगळं आहे, पण गोष्ट मुख्यतः एका पुरुषाची. १९६६ मध्ये त्याच समाजातल्या फ्लोरा न्वापा यांनी 'एफुरू' लिहिली. तिची नायिका व्यापार करणारी, सरोवरातल्या देवीची भक्ती करणारी बाई आहे. समाज तोच, पण आता घराच्या आतलं दिसलं.

शेवट

काशीबाई ३० जानेवारी १९४८ रोजी वारल्या. त्याच दिवशी गांधीजींची हत्या झाली.

पालकांसाठी दोन शब्द

गोष्ट संपल्यावर मी मुलींना विचारलं की घरी वाचायला वेळ किती मिळतो. बऱ्याच जणी गप्प राहिल्या. एकीने सांगितलं की भांडी, पाणी, लहान भाऊ सांभाळणं झालं की झोप येते. तिचा भाऊ मात्र त्याच वेळी अभ्यासाला बसतो. आज तिला वाचू नको असं कोणी म्हणत नाही, फक्त तिच्या वाटचं काम कोणी कमी करत नाही.

म्हणून पालकांना एवढीच विनंती. रोज संध्याकाळी अर्धा तास पोरीला कोणतंही काम सांगू नका आणि भांडी एक दिवसाआड पोराला घासू द्या. शिक्षकांनी वाचनपेटीतलं एक पुस्तक मुलीच्या हाती घरी पाठवावं. आईने ते तिच्याकडून ऐकलं, तर फारच छान.