वेदोक्तापासून माणगावपर्यंत

महिन्यातून दोन रविवार मी उचगावला गाणे शिकवावयास जातो. कोल्हापुराहून निघावयाचे, कागल, निपाणी, संकेश्वर मागे टाकून बेळगाव गाठावयाचे आणि तेथून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागावयाचे. गाव कर्नाटकात, पण घरातली बोली मराठी, आणि मराठी साहित्य संमेलन भरविण्याइतकी तिच्याविषयी आस्था. वर्ग एका शेतकऱ्याच्या सोप्यात भरतो. वीसएक मुलेमुली असतात. जात कोणी विचारीत नाही. मात्र कोण कोणत्या गल्लीतून येते हे वडीलधाऱ्यांना न विचारता ठाऊक असते.

मे महिन्यात राजर्षी शाहू छत्रपतींची पुण्यतिथी येते. त्या निमित्ताने गाणे आटोपल्यावर मी महाराजांविषयी चार शब्द बोललो. मुले उठून गेली, पण एक वृद्ध गृहस्थ खांबाला टेकून तसेच बसून राहिले. मग त्यांनी मला हळूच विचारले की, मास्तर, आपल्या स्नानाला वेदाचे मंत्र म्हणा असा हट्ट धरणारा राजा फार तर स्वतः एक पायरी वर चढू पाहत होता; त्यात जिना मोडण्यासारखे काय आले? प्रश्नात खोच नव्हती, जिज्ञासा होती. मला तेथे नीटसे उत्तर देता आले नाही. परतीच्या वाटेवर मात्र लक्षात आले की, त्या प्रश्नाचे उत्तर याच रस्त्याच्या आसपासच्या गावांतून विखुरलेले आहे.

पहिले गाव कागल. महाराज जन्माने कागलकर घाटग्यांचे. जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांच्या पोटी २६ जून १८७४ रोजी कसबा बावड्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात त्यांचा जन्म झाला; नाव ठेवले यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी ते करवीरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. प्रथम राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि पुढे १८९० पासून धारवाडास फ्रेझरसाहेबांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी कारभार हाती आला तेव्हा त्यांचे वय विसाच्या आतच होते. दप्तर उघडून पाहिले तर सर्वसाधारण कारभाराच्या ७१ अधिकारपदांपैकी ६० पदे एकाच ब्राह्मण समाजाकडे होती. त्या समाजात लिहिण्यावाचण्याची परंपरा होती आणि इतरांच्या दारापर्यंत शाळाच पोचली नव्हती, हे त्याचे कारण. तरुण राजाच्या मनात हे खुपले असावे; पण खरी ठेच लागली ती पाच वर्षांनी, पंचगंगेच्या घाटावर.

१८९९ चा कार्तिक महिना. महाराज पहाटे नदीस्नानाला जात आणि सोबत भट मंत्र म्हणे. मुंबईचे विद्वान राजारामशास्त्री भागवत त्या वेळी बरोबर होते. त्यांच्या ध्यानात आले की, म्हटले जात आहेत ते वेदमंत्र नव्हेत, पुराणातील श्लोक आहेत. विचारणा केली तेव्हा राजा शूद्र असल्याने त्याला पुराणोक्तच चालते आणि त्यासाठी आपण स्नान करून येण्याचीही गरज नाही, असा खुलासा मिळाला. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या पुरुषाला त्याच्याच घाटावर हे ऐकावे लागले. ही गोष्ट ध्यानात आणून देणारे भागवतशास्त्री स्वतः ब्राह्मण होते, हेही विसरू नये.

संगीताच्या माणसाला या प्रसंगात एक गोष्ट विशेष जाणवते. वेदमंत्राला स्वर आहे. उदात्त, अनुदात्त, स्वरित अशा तीन स्थानांतून तो म्हटला जातो आणि स्वर चुकला तर दोष मानतात. पुराणातील श्लोकाला ते बंधन नाही. म्हणजे भांडण अर्थाचे नव्हतेच. नदीत उभ्या असलेल्या कितीजणांना त्या शब्दांचा अर्थ कळत असेल? भांडण होते ते कोणत्या कानावर कोणता स्वर पडू द्यायचा याचे. शतकानुशतके या देशात माणसांची उतरंड अशी कानांनीही मोजली गेली आहे.

महाराजांनी आपले धर्मकृत्य वेदोक्त पद्धतीने व्हावे असा आग्रह धरला. राजोपाध्यांनी नकार दिला. समजुतीचे प्रयत्न संपल्यावर १९०२ मध्ये त्यांची इनामे दरबाराने काढून घेतली. त्यांनी इंग्रज सरकारकडे वरपर्यंत दाद मागितली. ती फेटाळली गेली. येथे संकेश्वर येते. करवीर आणि संकेश्वर येथील शंकराचार्यांचे पीठ एकच. १९०३ मध्ये दरबाराची संमती न घेता स्वामींनी उत्तराधिकारी नेमला आणि महाराजांनी मठाची संस्थानातील मालमत्ता जप्त केली. पुढे १९०५ मध्ये पीठाकडून छत्रपतींचा वेदोक्ताचा अधिकार मान्य झाला. आपल्या जुन्या घरांतून या प्रकरणाच्या आठवणी दोन्ही बाजूंनी सांगितल्या जातात; कोणाचे इनाम गेले, कोणाचा मान राहिला. त्या कडवटपणात आज शिरण्याचे कारण नाही.

गोष्ट येथेच संपली असती तर उचगावच्या त्या गृहस्थांचे म्हणणे खरे ठरले असते. राजाला क्षत्रियत्व मिळाले, एक पायरी वर चढता आली, जिना जागच्या जागी राहिला. पण ज्या वर्षी राजोपाध्यांचे इनाम गेले त्याच वर्षी, महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत असताना, २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात एक हुकूम प्रसिद्ध झाला. रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवाव्यात, असा तो हुकूम. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सारे त्यात आले. आपल्याला झालेल्या अपमानाचा विचार करता करता आपल्याहून खालच्या पायरीवरील माणसाचा अपमान दिसू लागावा, हे फार थोड्यांना साधते.

नोकरी द्यायची तर शिकलेला माणूस हवा, आणि खेड्यातल्या मुलाने शिकायचे तर शहरात त्याला राहावयास जागा आणि पोटास भाकरी हवी. म्हणून वसतिगृहे. सर्वांसाठी एक वसतिगृह चालविणे त्या काळी जमेना. पंक्तीचाच प्रश्न मोठा. तेव्हा ज्या त्या समाजाला जागा व देणगी देऊन त्याचे वसतिगृह उभे करावयाचे असा व्यवहारी मार्ग महाराजांनी धरला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैनांचे बोर्डिंग, १९०६ मध्ये मुसलमानांचे, १९०७ मध्ये लिंगायतांचे, १९०८ मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहांनी जात मोडते का, अशी शंका तेव्हाही घेतली गेली, आजही घेतात. शंका रास्त आहे. पण उपाशी मुलाला पंक्ती एक होईपर्यंत थांबा असे सांगता येत नाही.

याच दरबारात उस्ताद अल्लादिया खाँसाहेब गायक होते. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली ती कोल्हापूरच्या आश्रयाने. खाँसाहेबांच्या घराण्याचा मूळ पुरुष शांडिल्य गोत्री ब्राह्मण होता असे त्यांच्या घरी सांगत. त्यांचे पुत्र भूर्जी खाँ अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करीत. एकीकडे घाटावर राजाला वेदाचा स्वर नाकारला जात होता आणि दुसरीकडे देवीला मुसलमान गवयाचा स्वर चालत होता. ही विसंगती आमच्या पेशातील लोकांनी कौतुकाने सांगितली, पण आपल्या घरात तिचा अर्थ लावला नाही.

हे मी स्वानुभवाने म्हणतो. दरबारी गायनसेवेचा वारसा आमच्या घरी वडिलांपर्यंत चालत आला. वडील कोणालाही शिकवीत, फी नसली तरी शिकवीत. जात मानत नाही असे ते प्रामाणिकपणे म्हणत. माझ्या लहानपणी एक मुलगा येई. गळा उत्तम. तो बाहेरच्या सोप्यात बसे आणि उंबऱ्याच्या आतून वडील त्याला तालीम देत. तंबोरा मी धरीत असे. तो त्याच्या हाती कधी दिला गेला नाही, आणि त्यानेही कधी मागितला नाही. काही महिन्यांनी तो यायचा बंद झाला. घरात कोणी वाईट बोलले नव्हते, कोणी त्याला जा म्हटले नव्हते. म्हणूनच त्या वेळी मला त्यात काही वावगे दिसले नाही.

महाराजांना अशी गोष्ट दिसत असे. त्यांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे महार नोकर होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मराठा नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराज परगावाहून आल्यावर तक्रार कानी गेली आणि मारणाऱ्यांना त्यांनी कठोर शिक्षा केली. एवढे कोणताही न्यायी राजा करील. पुढचे महत्त्वाचे. त्यांनी गंगारामांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढून दिले. महाराच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. मग महाराजांची गाडी तेथे थांबू लागली. ते स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यावयास लावीत. येथे वेदोक्ताचा राजा आपल्याच जातीच्या माणसांसमोर उभा आहे, हे लक्षात घ्यावे. जिना वरच्या बाजूने हलविणे सोपे. आपल्या पायाखालची पायरी काढणे अवघड.

१९१७ पासूनची पाच वर्षे तर एकामागून एक हुकूमांची आहेत. १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड. त्याच वर्षी विधवाविवाहाचा कायदा. १९१८ मध्ये महारवतन आणि कुलकर्णी वतन रद्द. महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरील गावच्या हजेरीचा जाच बंद. पाठोपाठ आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा मोडून ती मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम, आणि विहिरी, दवाखाने, कचेऱ्या यांत शिवाशिव न पाळण्याचा हुकूम. १९२० मध्ये देवाला मुली सोडण्याच्या चालीविरुद्ध कायदा. उचगाव, बेळगाव, निपाणी हा मुलूख इंग्रजी अमलातला. हे हुकूम तेथे लागू नव्हते. पण रायबागसारखा महाल करवीर संस्थानात होता. म्हणजे एकाच भागात काही कोसांच्या अंतरावर एका गावी अस्पृश्याचे मूल सरकारी हुकमाने वर्गात बसू शकत होते आणि दुसऱ्या गावी ते गावच्या मर्जीवर होते.

२१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. आप्पासाहेब पाटील या जैन गृहस्थांनी तिच्यासाठी खटपट केली. अध्यक्ष होते डॉ. भीमराव आंबेडकर, वय अवघे अठ्ठावीस. त्याच वर्षी ३१ जानेवारीला निघालेल्या त्यांच्या ‘मूकनायक’ पत्राला महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. माणगावात महाराज स्वतः आले आणि तुमचा पुढारी तुम्हांला तुमच्यातच मिळाला आहे, या आशयाचे बोलले. राजाने आपल्या प्रजेला सांगावयाची ही गोष्ट नव्हे. राजा सहसा सांगतो की तुमचा त्राता मी आहे. येथे छत्रपती बाजूला सरकून दुसऱ्याला पुढे करीत होते. त्या वृद्ध गृहस्थांना द्यावयाचे उत्तर मला माणगावात सापडले. पाच वर्षांनी, १९२५ मध्ये, डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली निपाणीतही बहिष्कृतांची परिषद भरली. पण ती पाहावयास महाराज नव्हते.

निपाणीजवळच बेनाडी आहे. तेथील सदाशिवराव पाटील यांना १९२० मध्ये महाराजांनी क्षात्रजगद्गुरू म्हणून पीठावर बसविले. शंकराचार्यांना पर्याय म्हणून हे पीठ निघाले. एका गुरूच्या जागी दुसरा गुरू बसविण्याने काय साधले, हा प्रश्न सुधारकांतही विचारला गेला, आणि मला वाटते तो विचारला जाणे योग्यच होते. महाराजांच्या हातून सारेच नेमके झाले असे नव्हे. मात्र मराठा व धनगर यांच्यात विवाहसंबंध जुळविण्याचे जे त्यांनी मनात धरले होते ते कागलातूनच फळास आले. १९२४ मध्ये कागलकर घाटग्यांची कन्या इंदूरच्या होळकरांची सून झाली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले होते. वय अठ्ठेचाळीसही पुरे नव्हते. खाँसाहेबांनीही नंतर कोल्हापूर सोडून मुंबई जवळ केली.

महाराजांचे पहिले स्मारक कोणा सरदाराने उभारले नाही. ते नर्सरी बागेत अस्पृश्य समाजाने, गंगाराम कांबळे यांच्या पुढाकाराने उभारले.

पुढच्या रविवारी उचगावात ते गृहस्थ पुन्हा आले. मी वरील हकिकत त्यांना थोडक्यात सांगितली. ते म्हणाले काहीच नाहीत. बराच वेळ मुलांकडे पाहत बसले. त्या दिवशी गाणे सुरू करताना मी तंबोरा पहिल्या रांगेकडे दिला आणि तो रांगेने मागेपर्यंत जाऊ दे असे सांगितले. शेवटच्या मुलीच्या हाती तो पोचला तेव्हा एक तार उतरली होती. ती तिने स्वतःच जुळविली. थोडी चढी लागली, पण दुरुस्त करावयास मी उठलो नाही.