शंभर मण्यांची जपमाळ

आज परदेशाची सीमा ओलांडायची म्हणजे पासपोर्ट, व्हिसा आणि लांब रांग. ज्या शिक्षकाची ओळख आम्ही यावेळी करून देत आहोत, त्यांनी नेपाळातून तिबेटात जाताना स्वतःचा जीव तारण ठेवला होता.

नैनसिंह रावत यांचा जन्म १८३० साली कुमाऊंच्या जोहार खोऱ्यात झाला. गाव मिलम. तिथले लोक दर उन्हाळ्यात खिंडी ओलांडून तिबेटात व्यापाराला जात. धान्य द्यायचे आणि मीठ-लोकर आणायची. त्यामुळे तिबेटी भाषा नैनसिंहांना घरचीच होती. पुढे ते गावच्या शाळेत मास्तर झाले, म्हणून लोक त्यांना पंडित म्हणत. हेच पुढे त्यांचे गुप्त नाव ठरले.

त्या काळी तिबेटात इंग्रजांना मज्जाव होता. सर्वेक्षण खात्याचे कॅप्टन मॉन्टगोमेरी यांनी १८६३ मध्ये नैनसिंह आणि त्यांचे भाऊबंद मणिसिंह यांना निवडले आणि डेहराडूनला शिक्षण दिले. चढ असो वा उतार, पाऊल सारखेच, सुमारे ३३ इंच पडले पाहिजे. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी आकड्यांच्या चिठ्ठ्या, पेटीला खोटा तळ. (आम्ही शाळेच्या मैदानावर हे करून पाहिले. तिसऱ्या फेरीतच हिशेब चुकला!)

१८६५ च्या मार्चमध्ये दोघे काठमांडूहून बशहरचे व्यापारी बनून निघाले. केरुंगच्या सीमेवर सामानाची झडती झाली. यंत्रे सापडली नाहीत, पण बशहरची माणसे या वाटेने कशाला येतील, हा संशय काही फिटेना. शिवाय तिथला अधिकारी मणिसिंहांना ओळखणारा निघाला. तेव्हा दोघे मुकाट्याने परतले.

मणिसिंह दुसरीकडे गेले. नैनसिंह मात्र खोटी वेणी लावून, लडाखी व्यापारी होऊन पुन्हा केरुंगला आले. यावेळी वाट मिळाली, पण ल्हासाला जाणार नाही, गेल्यास प्राणदंड मान्य, असे त्यांच्याकडून लिहून घेतले गेले. त्यांनी लिहून दिले, आणि १० जानेवारी १८६६ ला ते ल्हासात पोचले.

तिथे पैसे संपले. नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून त्यांनी पोट भरले. मास्तरकी कामाला आली. परवानगीशिवाय आलेल्या एका चिनी माणसाचा भर रस्त्यात शिरच्छेद झालेला त्यांनी पाहिला. आणि एक दिवस रस्त्यात दिसला तो केरुंगचाच अधिकारी! त्यानंतर ते फारसे बाहेर पडले नाहीत. एप्रिलमध्ये लडाखी काफिल्याबरोबर त्यांनी ल्हासा सोडले. ऑक्टोबरमध्ये ते डेहराडूनला परतले, तेव्हा सुमारे १२०० मैलांची, म्हणजे जवळपास २५ लाख पावलांची नोंद त्यांच्याजवळ होती.

शिक्षकाने खोटे लिहून द्यावे का, यावर आमच्या स्टाफरूममध्ये बरीच वादावादी झाली. आपले दार बंद ठेवण्याचा तिबेटला हक्क होता आणि नकाशा हवा होता तो इंग्रजांना, हे आम्हालाही खटकते. पण नाव खोटे, वेष खोटा असूनही या माणसाचे मोजमाप मात्र चोख होते. ल्हासा नेमके कुठे आणि किती उंचीवर आहे, हे जगाला त्यांच्यामुळे कळले.

पुढे १८७४-७५ मध्ये ते लेहहून ल्हासामार्गे तवांगला उतरले. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. भारत सरकारने त्यांचे तिकीट काढले ते २००४ मध्ये. प्रवास थांबल्यावर नैनसिंह पुन्हा शिकवू लागले. आता त्यांचे विद्यार्थी होते सर्वेक्षणाला निघणारे नवे पंडित, आणि धडा तोच: सारखे पाऊल टाकायचे आणि शंभराला मणी सरकवायचा.