जॉन क्लेअर : जीवन आणि काव्य

३.१ प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी निसर्गकवितेचा विचार करताना वर्डस्वर्थ, शेली आणि कीट्स ही नावे प्रथम समोर येतात. त्यांच्याच काळात लिहिणारा, परंतु शेतमजुराच्या घरात जन्मलेला जॉन क्लेअर (१७९३–१८६४) हा कवी मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिला. विद्यार्थी मित्रहो, या भागात आपण त्याच्या जीवनाचा आणि काव्याचा परिचय करून घेणार आहोत. निसर्गकविता म्हणजे सृष्टिसौंदर्याचे वर्णन, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. क्लेअरच्या बाबतीत ही समजूत अपुरी पडते. एक विशिष्ट गाव, त्या गावची जमीन आणि त्या जमिनीवर वावरण्याचा सामान्य माणसाचा हक्क यांच्याशी त्याची कविता जखडलेली होती. म्हणूनच त्याचे चरित्र बाजूला ठेवून त्याच्या काव्याचा अभ्यास करता येत नाही.

३.२ जन्म, बालपण आणि शिक्षण

क्लेअरचा जन्म १३ जुलै १७९३ रोजी इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातील हेल्पस्टन या खेड्यात झाला. त्याच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण तान्हेपणीच दगावली. वडील पार्कर क्लेअर हे शेतमजूर होते. त्यांना अनेक लोकगीते आणि कथागीते मुखोद्गत होती. आई ॲन निरक्षर होती. शेतातील कामांतून सवड मिळेल तेवढे दिवस क्लेअर शाळेत जाई. शेजारच्या ग्लिंटन गावातील शाळेत त्याचे शिक्षण बाराव्या वर्षाच्या सुमारास संपले. त्याच गावातील एका सधन शेतकऱ्याची मुलगी मेरी जॉइस हिच्यावर त्याचे प्रेम जडले. ते सफल झाले नाही. पण मेरी त्याच्या मनातून आणि कवितेतून अखेरपर्यंत गेली नाही.

वयाच्या तेराव्या वर्षाच्या आसपास जेम्स थॉमसन या कवीचे ऋतुवर्णनपर काव्य त्याच्या पाहण्यात आले. त्याची प्रत विकत घेण्यासाठी तो स्टॅमफर्ड शहरापर्यंत चालत गेला आणि परतताना बर्ली येथील उद्यानाची भिंत ओलांडून आत बसून त्याने ती वाचली. येथूनच त्याच्या काव्यलेखनास प्रारंभ झाला. पुढे त्याने माळीकाम केले, चुनाभट्टीवर मजुरी केली. लेखन मात्र सुटले नाही.

३.३ गावची जमीन आणि कुंपणे

क्लेअरच्या बालपणी हेल्पस्टनभोवती मोठी खुली शेते होती. त्यांत निरनिराळ्या कुटुंबांचे पट्टे असत. शेतांपलीकडे गायरान, माळ आणि झाडी होती. तेथे गरिबाला जनावर चारता येई, सरपण गोळा करता येई आणि कोणाची परवानगी न घेता हिंडता येई. १८०९ मध्ये ब्रिटिश संसदेने हेल्पस्टन व परिसरातील गावांसाठी जमिनी कुंपणबंद करण्याचा कायदा संमत केला. अंतिम वाटप १८२० मध्ये पूर्ण झाले. सामाईक जमीन खाजगी मालकीची झाली, पायवाटा बंद झाल्या, झाडे तोडली गेली आणि ओढ्यांचे प्रवाह बदलले. क्लेअरच्या वयाची सोळा ते सत्तावीस ही वर्षे या बदलातच गेली.

या घटनेचा त्याच्या कवितेवर खोल परिणाम झाला. गावाजवळची स्वॉर्डी वेल ही जुनी दगडखाण रस्तेदुरुस्तीसाठी स्थानिक प्रशासनाच्या ताब्यात गेली. या विषयावरील कवितेत क्लेअरने त्या जमिनीलाच बोलते केले आहे. ती एखाद्या निराधार माणसाप्रमाणे स्वतःची कैफियत मांडते. जमीन येथे पार्श्वभूमी राहत नाही. ती अन्याय सोसणारी व्यक्ती होते.

३.४ प्रसिद्धी आणि उपेक्षा

१८२० मध्ये जॉन टेलर या प्रकाशकाने क्लेअरचा पहिला काव्यसंग्रह प्रसिद्ध केला. टेलर हा कीट्सचाही प्रकाशक होता. मुखपृष्ठावर कवीचा उल्लेख नॉर्थॅम्प्टनशायरमधील शेतकरी असा होता. संग्रहाच्या वर्षभरात चार आवृत्त्या निघाल्या. लंडनच्या साहित्यवर्तुळात त्याचे कौतुक झाले. त्याच वर्षी मार्था टर्नर हिच्याशी त्याचा विवाह झाला.

परंतु या कौतुकाला अटी होत्या. संपत्तीवर कठोर टीका करणाऱ्या काही ओळी लॉर्ड रॅडस्टॉक या आश्रयदात्याला खटकल्या आणि नंतरच्या आवृत्तीतून त्या वगळण्यात आल्या. क्लेअर विरामचिन्हे जवळजवळ वापरीत नसे आणि गावच्या बोलीतील शब्द मुक्तपणे योजी. टेलरने त्याचे लेखन शिष्टसंमत भाषेत बसविण्याचा प्रयत्न केला. वर्षाच्या बारा महिन्यांतील ग्रामजीवन चित्रित करणारे ‘द शेफर्ड्स कॅलेंडर’ हे काव्य १८२७ मध्ये बरीच काटछाट होऊन प्रसिद्ध झाले. तोवर वाचकांची उत्सुकता ओसरली होती. पुस्तक फारसे खपले नाही. वाढते कुटुंब, अपुरे उत्पन्न आणि ढासळते स्वास्थ्य यांनी कवीला घेरले.

३.५ काव्यविशेष

क्लेअरच्या निरीक्षणाचा पल्ला लहान, पण खोली असामान्य आहे. तो पक्ष्याकडे प्रतीक म्हणून पाहत नाही. घरटे कोठे आहे, कशाचे विणले आहे, अंड्यांवरील खुणा कशा आहेत, माणसाची चाहूल लागताच पक्षी काय करतो, हे तो गुडघे टेकून पाहिल्यासारखे सांगतो. कीट्सच्या प्रतिभेविषयी त्याला आदर होता. तरीही कीट्सचा निसर्ग प्रत्यक्ष पाहण्यापेक्षा कल्पनेतून आलेला आहे, असे त्याचे मत होते. नाइटिंगेल पक्ष्यावरील त्याच्या कवितेत म्हणूनच गाण्याच्या बरोबरीने घरट्याची रचना येते. घरटे सापडल्यावर ते न विस्कटता मागे फिरणे, ही वृत्ती या कवितांतून वारंवार दिसते. जे आपले नाही त्याची जपणूक करणे, हा त्याच्या निसर्गदृष्टीचा नैतिक गाभा आहे. गावात कुंपणे घालणाऱ्यांची दृष्टी नेमकी याच्या उलट होती.

३.६ स्थलांतर आणि उत्तरायुष्य

१८३२ मध्ये हितचिंतकांनी त्याला नॉर्थबरो येथे घर मिळवून दिले. हेल्पस्टनपासून हे गाव अवघे तीन मैलांवर आहे. तरीही ओळखीची झाडे आणि वाटा मागे पडल्याने क्लेअर तेथे परका राहिला. ‘द रूरल म्यूझ’ हा त्याच्या हयातीतील शेवटचा संग्रह १८३५ मध्ये निघाला. मनोविकार बळावल्यामुळे १८३७ मध्ये त्याला लंडनजवळच्या एपिंग अरण्यातील एका मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. १८४१ च्या जुलै महिन्यात तो तेथून निघाला आणि सुमारे ऐंशी मैल पायी चालत घराकडे आला. वाटेत भूक भागवण्यासाठी त्याने गवत खाल्ले. मेरी आपली पत्नी असून ती आपली वाट पाहत आहे, असा त्याचा भ्रम होता. प्रत्यक्षात ती १८३८ मध्येच निधन पावली होती.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्याला नॉर्थॅम्प्टनच्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. उर्वरित बावीस वर्षे त्याने तेथेच काढली. विल्यम नाइट या तेथील कर्मचाऱ्याने त्याच्या अनेक कविता उतरवून ठेवल्या, म्हणून त्या टिकल्या. पूर्वी घरट्यांकडे आणि पायवाटांकडे वळणारी ही कविता आता स्वतःच्या अस्तित्वाचाच शोध घेऊ लागली. २० मे १८६४ रोजी क्लेअरचे निधन झाले. त्याचे दफन हेल्पस्टन येथे करण्यात आले.

३.७ समारोप

क्लेअरच्या मनोविकाराचे एकच कारण सांगणे योग्य ठरणार नाही. दारिद्र्य, प्रसिद्धीनंतरची उपेक्षा आणि प्रिय परिसराचा वियोग ही सारी दुःखे त्याच्या वाट्याला आली. हस्तलिखितांच्या आधारे त्याचे मूळ लेखन विसाव्या शतकात क्रमाक्रमाने प्रकाशात आले. ‘द शेफर्ड्स कॅलेंडर’ची मूळ संहिता १९६४ मध्ये वाचकांसमोर आली; १९८९ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे स्मारक झाले. ज्या बोलीला आणि ज्या तक्रारीला त्याच्या काळात कात्री लागली, त्यांच्यामुळेच आज त्याची कविता महत्त्वाची मानली जाते. भूमी गमावणाऱ्याने केलेले निसर्गवर्णन ही एक साक्षही असू शकते, हे क्लेअरच्या जीवनकार्यातून ध्यानात येते.

स्वाध्याय

१. हेल्पस्टनमधील कुंपणबंदीचा क्लेअरच्या काव्यदृष्टीवर झालेला परिणाम स्पष्ट करा.
२. कवीची बोली प्रमाण भाषेत बसविताना काय साधते आणि काय हरवते, ते क्लेअरच्या संदर्भात लिहा.