रानपिंगळ्याला नाव देणारे ह्यूम

भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे संस्थापक म्हणून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव सर्वपरिचित आहे. काँग्रेसचे तेरावे अधिवेशन डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीत भरले. सी. शंकरन नायर अध्यक्षस्थानी होते आणि दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. ह्यूम त्यापूर्वीच, १८९४ मध्ये, भारत सोडून इंग्लंडला परतले होते; तरीही संघटनेचे सरचिटणीसपद त्यांच्याच नावावर होते. वऱ्हाडाशी त्यांचा संबंध मात्र या अधिवेशनापुरता नाही. मेळघाटच्या सागवनात राहणाऱ्या एका लहानशा घुबडाचे, रानपिंगळ्याचे, पहिले शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनीच केले. राजकारणी ह्यूम इतिहासाने लक्षात ठेवले. पक्षितज्ज्ञ ह्यूम तुलनेने विस्मृतीत गेले.

अमरावती-अकोल्याच्या जुन्या वस्त्यांतील रहिवाशांना पिंगळा नवा नाही. वाड्याच्या भिंतीतील भोक, शाळेच्या आवारातील जुने चिंचेचे झाड, विजेचा खांब यांपैकी कोठेही त्याची जोडी दिसते. दिवेलागणीला तिची किचकिच सुरू होते. पहाटे दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्या पिंगळा जोशांचे नावही याच पक्ष्यावरून आले. युरोपातही याचा सख्खा भाऊबंद माणसाच्या शेजारानेच राहतो. शेतावरची कोठारे, दगडी कुंपणे आणि फळबागा ही त्या छोट्या घुबडाची वसतिस्थाने. ग्रीकांनी त्याला अथीना देवतेचा पक्षी मानले आणि आपल्या नाण्यांवर स्थान दिले. ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावरही तो विराजमान आहे. पक्षिशास्त्रात या कुळाचे नावच मुळी अथीनी असे आहे. रानपिंगळा याच कुळातला. मात्र तो राहिला रानात.

ह्यूम यांचा जन्म ४ जून १८२९ चा. वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश पार्लमेंटमधील सुधारणावादी सदस्य होते. १८४९ मध्ये ह्यूम बंगाल सनदी सेवेत दाखल झाले आणि पुढे वायव्य प्रांतातील इटावा येथे जिल्हाधिकारी झाले. तेथे त्यांनी मोफत प्राथमिक शाळा काढल्या. दारूवरील करातून मिळणाऱ्या उत्पन्नाला त्यांचा विरोध होता. १८५७ च्या उठावात त्यांना काही महिने आग्र्याच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. या धामधुमीत त्यांनी तोवर जमविलेले पक्ष्यांचे नमुने नष्ट झाले. सारे पुन्हा पहिल्यापासून उभे करणे आले आणि त्यांनी ते केले.

कापसाचे खाते, पक्ष्यांचा छंद

व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी १८७० मध्ये खामगावला येऊन तेथील रेल्वे फाट्याचे आणि कापूस बाजाराचे उद्घाटन केले. पुढच्याच वर्षी त्यांनी महसूल, शेती व व्यापार असे स्वतंत्र खाते निर्माण केले. मँचेस्टरच्या गिरण्यांना भारतातून चांगला कापूस मिळावा, हा आग्रह त्यामागील एक कारण होता. या खात्याचे सचिवपद ह्यूम यांच्याकडे आले. शेतीची खरी सुधारणा व्हावी, असा त्यांचा प्रयत्न होता. सरकारची दृष्टी मात्र महसुलावर राहिली. वरिष्ठांशी वारंवार खटके उडाल्याने १८७९ मध्ये त्यांना या पदावरून दूर करण्यात आले आणि १८८२ मध्ये ते सेवानिवृत्त झाले.

नोकरीच्या या काळातच त्यांचा पक्ष्यांचा अभ्यास बहरला. सिमल्यातील रॉथनी कॅसल या त्यांच्या निवासस्थानी नमुन्यांचे अक्षरशः संग्रहालय उभे राहिले. 'स्ट्रे फेदर्स' हे भारतीय पक्ष्यांना वाहिलेले नियतकालिक त्यांनी स्वतः सुरू केले. देशभर विखुरलेले वनाधिकारी, लष्करी अधिकारी, डॉक्टर आणि जकात खात्यातील कर्मचारी त्यांना टिपणे व नमुने पाठवीत. आजच्या छत्तीसगडमधील बसना गावाजवळ ब्लुईट नावाच्या अशाच एका मित्राला डिसेंबर १८७२ मध्ये एक लहान घुबड मिळाले.

वरवर पाहता तो आपला नेहमीचा पिंगळाच वाटावा. ह्यूम यांनी बारकाईने पाहिले, तेव्हा फरक लक्षात आले. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते. या पक्ष्याचे डोके व पाठ जवळजवळ निर्ठिपक होती. चोच मोठी, पंजे दणकट आणि पोट स्वच्छ पांढरे. ही वेगळी जात असल्याचे त्यांनी १८७३ मध्ये 'स्ट्रे फेदर्स'मधून जाहीर केले आणि तिला ब्लुईट यांचे नाव दिले. घराशेजारच्या परिचित पक्ष्याशी असलेले हे साम्यच रानपिंगळ्याला पुढे भोवले. पाहणाऱ्याला तो पिंगळाच वाटू शकत असे.

रद्दीत गेलेली पंचवीस वर्षे

भारतीय पक्ष्यांचा एक सर्वंकष ग्रंथ लिहिणे, हे ह्यूम यांचे जीवितकार्य होते. त्यासाठी सुमारे पंचवीस वर्षांची टिपणे आणि हस्तलिखिते त्यांनी तयार ठेवली होती. एका हिवाळ्यात ते सिमल्याबाहेर असताना घरातील नोकराने ही सारी कागदपत्रे बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली. या आघातानंतर ग्रंथाचा संकल्प त्यांनी सोडून दिला. थिऑसॉफीच्या प्रभावाने ते शाकाहारी झाले होते आणि अभ्यासासाठी पक्षी मारणेही त्यांना नकोसे वाटू लागले होते. अखेरीस १८८५ मध्ये त्यांनी आपला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. पक्षी आणि अंडी मिळून सुमारे ८२ हजार नमुने त्यात होते. त्याच वर्षी २८ डिसेंबरला मुंबईतील गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. पक्ष्यांसाठी देशभर माणसे जोडणाऱ्या ह्यूम यांनी आता वकील, संपादक आणि शिक्षक जोडले होते.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी लंडनच्या अपर नॉरवुड भागात काढली. पक्ष्यांची जागा आता वनस्पतींनी घेतली होती. १९१० मध्ये त्यांनी साउथ लंडन बोटॅनिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली. इंग्लंडमध्ये मूळचे नसलेले युरोपातील छोटे घुबड काही हौशी जमीनदारांनी त्याच सुमारास आणून सोडले होते आणि ते तेथील शेतशिवारात रुजू लागले होते. ३१ जुलै १९१२ रोजी ह्यूम यांचे निधन झाले.

११३ वर्षांनंतर

रानपिंगळ्याचे अवघे सात नमुने जगातील संग्रहालयांत होते. शेवटचा नमुना १८८४ मध्ये खानदेशात मिळाला होता. त्यानंतर हा पक्षी जणू अदृश्य झाला. १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे तो मिळाल्याची रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याची नोंद होती. पण ती बनावट निघाली. संग्रहालयातूनच चोरलेल्या जुन्या नमुन्याला त्याने नवे लेबल लावले होते. या खोट्या नोंदीमुळे शोध घेणारे चुकीच्या ठिकाणी भटकत राहिले. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती नोंद बाजूला ठेवून मूळच्या खऱ्या ठिकाणांचा माग काढला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ, त्यांच्या चमूला रानपिंगळा भर उजेडात फांदीवर बसलेला दिसला. त्यानंतरच्या सर्वेक्षणांत तो मेळघाटातही आढळला आणि सातपुड्याचा हा भाग त्याचा मोठा आधार असल्याचे स्पष्ट झाले.

हा पक्षी नामशेष झाला नव्हता. त्याला ओळखणारे कोणी उरले नव्हते. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने त्याला अतिसंकटग्रस्त श्रेणीतून संकटग्रस्त श्रेणीत आणले. हा दिलासा मर्यादित आहे. सरडे, उंदीर आणि कीटक यांवर तो जगतो आणि घरट्यासाठी त्याला ढोली असलेली जुनी झाडे लागतात. जंगलतोड, वणवे आणि घुबडांविषयीच्या अंधश्रद्धा यांचा धोका कायम आहे. मेळघाटला १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचे संरक्षण मिळाले, ते वाघासाठी; त्याचा आसरा या लहानशा पक्ष्यालाही लाभला.

ह्यूम यांचा नियोजित ग्रंथ कधीच प्रसिद्ध झाला नाही. ब्लुईट यांनी पाठविलेल्या त्या एका नमुन्याचे वर्णन मात्र छापले गेले होते. सव्वाशे वर्षांनी रानपिंगळ्याची ओळख पटविताना अभ्यासकांना त्याच वर्णनापासून सुरुवात करावी लागली. शहरातील जुन्या चिंचेवर बसलेला पिंगळा आणि धारणी-चिखलदऱ्याच्या सागवनातील रानपिंगळा हे दोन वेगळे पक्षी आहेत, हे वऱ्हाडातील पक्षिमित्र आज सहज सांगतात. त्यामागे इंग्लंडला परतलेल्या या सरचिटणीसाची नजर आहे.